पाऊस हाताने पाडायचा असतो

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात, बालनाट्याच्या प्रयोगाआधी ध्वनी-विभागाने केलेल्या भाषणाचा मजकूर. जे सभासद त्या दिवशी येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी स्मरणिकेत देत आहोत.)





नाटकाआधी भाषण म्हटलं की माणूस आधी घड्याळ बघतो, याची आम्हाला कल्पना आहे. त्यातून आम्ही पडलो ध्वनीवाले. आमची जागा खरं म्हणजे विंगेत. पण आज तुम्हाला रंगमंचाच्या डाव्या बाजूला एक लांबलचक टेबल दिसतंय. त्यावर सूप आहे, परात आहे, पोळपाट-लाटणं आहे, मोडकी छत्री आहे. मध्यंतराच्या बटाटेवड्यांची तयारी चुकून स्टेजवर आली की काय, असं दारातच एका काकांनी आम्हाला विचारलं! तर त्याचा खुलासा करणं भाग आहे. हे टेबल म्हणजे आमचा ध्वनी-विभाग, आणि तो आज मुद्दाम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर मांडलेला आहे.

आजचं नाटक चिमणी-कावळ्याच्या गोष्टीवर आहे. चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं, ही गोष्ट माहीत नाही असा मराठी माणूस या हॉलमध्ये नसेल. पण तुमच्या एक गोष्ट कधी लक्षात आली आहे का? ही सगळी गोष्ट आवाजांची आहे. पाऊस येतो, वारा सुटतो, वीज कडाडते, शेणाचं घर वाहून जातं, भिजलेला कावळा उडत येतो आणि दार वाजवतो. एवढे आवाज काढून घेतले तर मागे उरतात फक्त दोन पक्षी आणि एक दार. म्हणून मुलांनी हे नाटक निवडलं तेव्हा आम्हाला फार आनंद झाला. आमच्या विभागाला प्रथमच प्रमुख भूमिका मिळाली!

आता टेबलाकडे वळूया. डावीकडून सुरुवात करतो.

हे सूप. यात मूठभर तांदूळ घालून ते सावकाश एका बाजूने दुसऱ्या बाजूला कलतं केलं की सर येते. शेजारी लाकडी चौकटीवर ताणून बसवलेला कागद आहे, त्यावर बारीक रवा सोडला की भुरभुर. हा केक भाजायचा पत्र्याचा ट्रे, त्यात वाटाणे ओतले की धो धो. आणि पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळतात, त्यासाठी उपडं पातेलं आणि मसुराचे चार दाणे, एकेक करून सोडायचे.

हे चामड्याचे जुने हातमोजे. दोन हातात दोन जोड धरून फडफडवले की चिमणी उडते. कावळा मोठा, त्याला मोजे पुरत नाहीत, त्याच्यासाठी ही छत्री. भराभर उघडमीट करायची. दारासाठी पोळपाटावर लाटणं, आणि कडीसाठी फळीवर ठोकलेला खराखुरा कडी-कोयंडा. चिमणीच्या चुलीतल्या जाळासाठी मिठाईच्या खोक्यावरचा चुरचुरीत पारदर्शक कागद. आणि शेणाचं घर पडतं तेव्हा काय? तर सैलसर भिजवलेल्या कणकेचे गोळे, एकापाठोपाठ एक परातीत आपटायचे. पुढच्या रांगेतल्यांनी जरा सांभाळून बसावं, ही विनंती.

मागे टांगलेला हा जस्ताचा पत्रा म्हणजे आमचा मेघराज. जाडी अर्धा मिलिमीटर, लांबी साधारण दोन मीटर. इथल्या बाउमार्क्टमध्ये तो मिळाला. कडांना लाकडी पट्ट्या लावल्या आहेत, म्हणजे मुलांचे हात कापणार नाहीत. खालची पट्टी धरून हळू हलवला की दूर कुठेतरी घुमतो, जोरात झटकला की थेट डोक्यावर कोसळतो.

आणि हे लाकडी पिंप म्हणजे वारायंत्र. पिंपाच्या घेराला पट्ट्या ठोकल्या आहेत आणि त्यावरून जाड मांजरपाट ताणून टाकला आहे. हँडल फिरवलं की पट्ट्या कापडाला घासतात आणि वारा सुटतो. जितकं जोरात फिरवाल तितका तो वरच्या पट्टीत किंचाळतो. आमच्या एका सभासदांनी आपल्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, तीन शनिवार खपून ते केलं.

हे आमच्या डोक्यातून निघालेलं नाही, बरं का. रिखार्ड स्ट्राउस या म्युनिकमध्ये जन्मलेल्या संगीतकाराने आपल्या 'डॉन किहोटे' या रचनेत चक्क वारायंत्र वापरलं. १८९८ साली कोलोनला तिचा पहिला प्रयोग झाला. पुढे १९१५ साली बर्लिनमध्ये त्याची 'आल्प्स सिंफनी' प्रथम वाजली, तिच्यातल्या वादळात वारायंत्राच्या जोडीला मेघगर्जनेचा पत्राही आहे. म्हणजे व्हायोलिनवाल्यांच्या शेजारी पत्रेवालाही काळा कोट घालून सन्मानाने बसतो! त्याही आधीचं उदाहरण स्वीडनमध्ये आहे. ड्रॉटनिंगहोमच्या राजवाड्यातल्या १७६६ सालच्या नाट्यगृहात दगडगोटे भरलेली लांब लाकडी पेटी कलंडवून गडगडाट केला जात असे, आणि ती यंत्रणा आजही जपून ठेवलेली आहे.

आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात जो प्रश्न आला असेल, तो आम्हीच विचारतो. मोबाईलवर बोट ठेवलं की अस्सल कोकणातला पाऊस ऐकू येतो, मग एवढी खटपट कशासाठी?

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. आमचे नट सहा ते बारा वर्षांचे आहेत. कोणी वाक्य विसरतं, कोणी आजी दिसली म्हणून हात करतं, कोणाच्या पंखाचा पुठ्ठा दारात अडकतो. रेकॉर्ड केलेली वीज त्यांच्यासाठी थांबत नाही, ती आपल्या वेळेला कडाडून मोकळी होते. हाताने केलेली वीज थांबते. टेबलावरची मुलं नटांकडे बघत असतात. कावळा दारापाशी पोचेपर्यंत वाऱ्याने ताणून धरायचं आणि तो बोलायला लागला की आपण खाली यायचं, हे तबलजीने गवयाला सांभाळून घ्यावं तसं आहे. कितीतरी सांभाळून घेणं तुम्हाला आज कळणारही नाही, आणि तेच आमचं यश.

दुसरं कारण आम्हाला तालमी सुरू झाल्यावर सापडलं. तेच आज मुख्यतः सांगायचं आहे.

आपल्या मुलांची मराठी कशी आहे हे आपण सगळे जाणतो. आपण मराठीत विचारतो, ती जर्मनमध्ये उत्तर देतात. समजतं सगळं, पण बोलताना शब्द अडतो. नाटक म्हटलं की ज्यांची जीभ चांगली वळते त्यांना मोठी कामं मिळतात आणि बाकीची मुलं झाडं होऊन मागे उभी राहतात. दोन-तीन वर्षं झाड झालेलं मूल चौथ्या वर्षी येतच नाही. मग ते मंडळातही येत नाही.

आमच्या टेबलावर सुरुवातीला अशीच सात मुलं आली. आवाज करायला भाषा कशाला लागते, असं त्यांनाही वाटलं आणि आम्हालाही. मग कोणता आवाज कधी, याचा तक्ता लिहायची वेळ आली. "पाऊस एक, पाऊस दोन, पाऊस तीन" असं लिहून कोणालाच काही उमगेना. शेवटी आमच्यातल्या एका आजींनी पेन हातात घेतलं आणि लिहिलं: भुरभुर, रिमझिम, सरसर, धो धो, टपटप.

आता हे पाच शब्द पाच वेगळे पाऊस आहेत. मराठीत वाढलेल्या माणसाला ते शिकवावे लागत नाहीत. पण इथे वाढलेल्या मुलांना ते नुसते सांगून कळत नव्हते. मग एकेक शब्द वाचायचा आणि तो टेबलावर शोधायचा, असा खेळच सुरू झाला. रव्याने रिमझिम होईना, ती तांदळाने झाली. तांदळाने धो धो होईना, त्याला वाटाणेच लागले. रिमझिम आणि सरसर यांत फरक काय, यावर दोन मुलं एक अख्खा रविवार भांडली. सूप दोन्हीकडे तेच, तांदूळ तेच. शेवटी ठरलं की सरसर म्हणजे सूप एकदम कलवायचं, रिमझिम म्हणजे हात थांबू न देता सारखं डोलवत ठेवायचं. शब्दकोशात इतकी बारीक उकल सापडायची नाही!

आमच्यात आठवीतला एक मुलगा आहे. वर्षभरात त्याच्या तोंडून मराठीचं एक पूर्ण वाक्य आम्ही ऐकलं नव्हतं. पत्रा त्याच्याकडे आहे. तिसऱ्या तालमीला तो अचानक म्हणाला, "हा गडगडाट आहे, मला कडकडाट पाहिजे." आम्ही सगळे त्याच्याकडे बघतच राहिलो. गडगडाट ढगांचा आणि कडकडाट विजेचा, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. पत्रा हलवता हलवता त्याच्या हाताला ते कळलं होतं.

मराठी ही अशा शब्दांनी गच्च भरलेली भाषा आहे. पानं सळसळतात, ओढा खळखळतो, पैंजण छुमछुमतात, पाखरं किलबिलतात. आपल्या व्याकरणात यांना अनुकरणवाचक शब्द म्हणतात. जर्मनमध्येही असे शब्द आहेतच. आपला कोंबडा कुकूचकू करतो, इथला किकेरिकी. आपला बेडूक डरांव डरांव म्हणतो, इथला क्वाक. आपला कावळा काव काव आणि इथला क्रा क्रा. तालमीत यावरून मुलांची खूप हसाहशी झाली. कावळा एकच, मग तो खरं काय म्हणतो? शेवटी आमच्या कावळ्याने तोडगा काढला. तो रागावला की जर्मन आणि भूक लागली की मराठी ओरडतो! आज ऐकालच.

एका ठिकाणी मात्र आमच्या आजीही अडल्या. मुलांनी गोष्टीत इथला हिवाळा घातला आहे, पावसानंतर बर्फ पडतो. ताज्या बर्फावरून बूट घालून चालताना जो आवाज येतो, त्याला जर्मनमध्ये क्निर्शन म्हणतात. मराठीत काय म्हणायचं? कोकणात आणि देशावर बर्फच पडत नाही, तर शब्द कुठून येणार? आवाज सापडला. कापडी पिशवीत कॉर्नफ्लॉवर भरून ती मुठीत दाबली की हुबेहूब बर्फावरची पावलं ऐकू येतात, ही सिनेमासाठी आवाज करणाऱ्यांची जुनी युक्ती आहे. शब्दासाठी मुलांनी मतदान घेतलं आणि 'कर्रकूच' हा शब्द बहुमताने मंजूर झाला. तक्त्यावर आता तो आजींच्या अक्षरात आहे. इथे जन्मलेल्या मुलांनी मराठीत घातलेली ही छोटीशी भर आहे, असं आम्ही मानतो.

विजेचीही एक गंमत सांगतो. उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो, कारण आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. म्हणजे वीज एक किलोमीटरवर असेल तर गडगडाट यायला तीन सेकंद लागतात. नाटकात पहिल्यांदा दिवा चमकेल तेव्हा टेबलावरची मुलं मनात सहापर्यंत मोजतील आणि मग पत्रा हलेल. पुढच्या वेळी तीनपर्यंत, मग एकपर्यंत. वादळ जवळ आलं हे कोणी बोलून दाखवणार नाही, तुमच्या कानांना ते आपोआप कळेल. आणि हो, ही मोजणी मराठीत चालते. जर्मनमध्ये मोजलं तर वेग बदलतो, अशी मुलांची तक्रार आहे!

मुलांच्या नाटकाच्या बाबतीत जर्मनी आणि महाराष्ट्र यांचं नातं जुनं आहे. बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची सुरुवात फोल्कर लुडविग यांनी १९६६ साली केली. ग्रिप्स म्हणजे आपण ज्याला डोकं चालवणं म्हणतो ते. राजा-राणी आणि पऱ्या बाजूला ठेवून मुलांच्या रोजच्या अडचणी मुलांसमोर मांडायच्या, आणि गाणी-संगीत जिवंत ठेवायचं, ही त्यांची रीत. त्यांच्या १९८६ सालच्या 'लिनी आइन्स' या गाजलेल्या नाटकात वादकांचा ताफा रंगमंचावर प्रत्यक्ष वाजवतो. त्याच सुमाराला डॉ. मोहन आगाशे यांनी ही चळवळ पुण्यात रुजवली आणि 'छान छोटे वाईट्ट मोठे'सारखी नाटकं मराठीत आली. आपल्यातले काही आईबाबा लहानपणी ती बघतच मोठे झाले आहेत. बर्लिनहून पुण्याला गेलेली ही गोष्ट आपण आज थोडीशी परत घेऊन आलो आहोत, असं म्हणायला हरकत नाही.

आता मदतनिधीबद्दल. त्यासाठी आधी या देशातल्या एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो.

जर्मनीतलं पहिलं नभोनाट्य २४ ऑक्टोबर १९२४ रोजी फ्रांकफुर्ट केंद्रावरून प्रक्षेपित झालं. ते हान्स फ्लेश यांनी लिहिलं होतं. नुसत्या आवाजांवर उभं राहणारं नाटक इथे पुढे इतकं रुजलं, की आवाज करणाऱ्याला इथे गेरॉयशेमाखर असं व्यवसायाचं स्वतंत्र नावच आहे. आणि या नभोनाट्यासाठीचा देशातला मोठ्या मानाचा पुरस्कार कोणी सुरू केला? तर महायुद्धात दृष्टी गमावलेल्यांच्या संघटनेने, १९५० साली. परीक्षक मंडळात समीक्षकांच्या बरोबरीने हे अंध श्रोतेही बसत. इंगबोर्ग बाखमानसारख्या मोठ्या लेखिकेला १९५९ साली तो मिळाला. ज्यांना रंगमंच दिसत नव्हता, त्यांनी कानाने बघायचं नाटक पारखलं आणि त्याचा मान वाढवला.

आपल्याकडेही आकाशवाणीच्या श्रुतिका ऐकत एक पिढी वाढली. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झालं. दार करकरलं की घराघरांत माणसं श्वास रोखून बसायची, असं आमच्या आजी सांगतात.

यावरून आम्हाला कल्पना सुचली. महाराष्ट्रात अंध मुलामुलींच्या निवासी शाळा आहेत. तिथे स्नेहसंमेलनं होतात, नाटकं होतात, आणि मुलं अतिशय उत्तम बोलतात, गातात. पण नाटकाचा खर्च निघाला की तो पडद्यावर आणि पोशाखांवर जातो, म्हणजे बघणाऱ्या पाहुण्यांसाठी. करणाऱ्या मुलांना जे नेपथ्य जाणवेल, ते आवाजाचं. म्हणून यंदाच्या निधीतून आपण अशा शाळांना 'आवाजाची पेटी' पाठवणार आहोत.

पेटीत काय असेल? कडांना पट्ट्या लावलेला पत्रा, सुटे भाग जोडून उभं करता येईल असं वारायंत्र, कडी-कोयंड्याची फळी, सूप, घुंगरू, टाळ, आणि आजींनी केलेला आवाजांचा तक्ता ब्रेल लिपीत. पत्रा आणि लाकूड तिथल्याच बाजारात घ्यायचं, म्हणजे विमानाचं भाडं वाचेल आणि तिथल्या सुताराला काम मिळेल. आपला तक्ता दिव्यांच्या खुणांवर बेतलेला नाही. 'अमुक शब्द ऐकला की तमुक आवाज' असा तो लिहिलेला आहे. फक्त विजेच्या जागी दिव्याऐवजी शब्द घालावा लागला. बाकी सगळा जसाच्या तसा त्या मुलांच्या कामी येईल. एका पेटीचा हिशेब कोषाध्यक्षांनी स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर दिला आहे, तो जरूर वाचा आणि शंका असल्यास त्यांना अवश्य विचारा.

देणगीदारांना आमची एक वेगळी विनंतीही आहे. पैसे तर द्याच, पण प्रयोग संपल्यावर पाच मिनिटं या टेबलापाशी या. मुलं तुम्हाला सूप कसं डोलवायचं ते दाखवतील. त्यांना मराठीत समजावून सांगावं लागेल, आणि तुम्हाला मराठीतच विचारावं लागेल. ज्या मुलाशी तुम्ही आजवर फक्त "कितवीत आहेस?" एवढंच बोललात, तो तुम्हाला गडगडाट आणि कडकडाट यांतला फरक सांगेल.

शेवटी, तुमचंही थोडं काम आहे. दुसऱ्या प्रवेशात पावसाला जोर येतो तेव्हा आमचे सात जण कमी पडतात. टेबलावरची एक मुलगी निळा रुमाल वर धरील. तो दिसला की सगळ्यांनी आधी तळहात एकमेकांवर घासायचे. रुमाल हलला की चुटक्या. दुसऱ्यांदा हलला की मांड्यांवर थापा. आणि रुमाल खाली गेला की हाच क्रम उलटा, अगदी शांत होईपर्यंत. अख्ख्या हॉलचा पाऊस आहे, लाजू नका.

आजच्या तिन्ही घंटा मुलंच हाताने देणार आहेत. दोन झाल्या आहेत. मोबाईल बंद करा, कान उघडे ठेवा.

तिसरी घंटा होऊ द्या.